घराच्या आतल्या चौकटी : मावळातील सुतारकामाचा एक दुर्लक्षित इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार गाजतवाजत होतो. वर्गणीच्या याद्या लागतात, मुहूर्त काढला जातो, कळसाची मिरवणूक निघते आणि अशी एखादी स्मरणिकाही निघते. घराचा जीर्णोद्धार मात्र निमूटपणे होत असतो. भाताची झोडणी उरकली, दिवाळी आटोपली, भिंतींतली ओल थोडी कमी झाली, की एखाद्या घरासमोर सुताराचा वाकस वाजू लागतो. दोन दिवसांनी माजघराची कुजलेली चौकट अंगणात पडलेली दिसते आणि तिच्या जागी नवी उभी राहिलेली असते. दर्शनी दाराची चौकट बसवायची तर नारळ, आंब्याचा टाळा, हळदकुंकू, चौकटीखाली ठेवायचे नाणे, सुताराला शिधा, असा सारा थाट असतो. आतल्या चौकटीच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. तरीसुद्धा जुन्या घराचे वय, त्याची ऐपत आणि त्याची दुखणी दर्शनी दारापेक्षा आतल्या चौकटीच अधिक खरेपणाने सांगतात. दर्शनी दार पाहुण्यांसाठी असते. आतली चौकट घरच्या माणसांसाठी.

तुंगार्ली हे लोणावळ्याला लागून, धरणाच्या खालच्या अंगाला वसलेले गाव. राजमाचीची वाट याच गावावरून जाते. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचा हा मुलूख. येथे वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. अशा ठिकाणी लाकूड टिकवणे ही एक विद्याच आहे, आणि ती विद्या मावळात किती जुनी आहे याचा पुरावा फार लांब शोधावा लागत नाही.

कार्ल्याच्या लेण्यातील चैत्यगृहाला भेट देणारे लोक खांबांवरची हत्ती-स्वारांची जोडपी पाहून थक्क होतात. दाराशी कोरलेल्या अक्षरांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराच्या या ब्राह्मी लेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविल्याचे व ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे म्हटले आहे. धनिकाने असे म्हणावे यात नवल नाही. पण त्याच दर्शनी भागात दुसरा एक छोटा लेख आहे. धेनुकाकटच्या वेणुवासाचा पुत्र सामी याने 'घरस मुघ' केले, एवढेच त्यात सांगितले आहे. घरस मुघ म्हणजे घराचे मुख, अर्थात दार. आणि हा सामी कोण? लेखातच त्याला 'वढकि' म्हटले आहे. वढकि म्हणजे वर्धकी, सुतार. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात तो हाच शब्द. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मावळात एका सुताराने दार केले आणि त्यावर आपल्या बापासकट आपले नाव घातले. पुढच्या काळात घरोघरच्या चौकटी करणाऱ्या सुतारांना हे भाग्य लाभले नाही.

दगडात काम करणाऱ्यांत सुतार कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माथ्यावर आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत, स्तूपावरची छत्रीही लाकडी आहे, आणि हे लाकूड आजही जागेवर आहे. दगडी छताला या फासळ्यांच्या आधाराची काडीमात्र गरज नव्हती. परंतु आधीची घरे व मंडप लाकडाचेच होते आणि फासळ्यांवाचून छत ही कल्पनाच त्या काळच्या माणसाला करवत नसावी. जवळच्या भाज्याच्या लेण्यात तर आतले खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी मेढी बाहेर फाकू नयेत म्हणून त्या तशा रोवत, त्याचीच ही नक्कल. भाज्याच्या चैत्यगृहाचा दर्शनी पडदा संपूर्ण लाकडी होता. तो केव्हाच गेला, पण त्याची कुसवे जेथे बसत ती भोके खडकात उरली आहेत.

घराच्या आतल्या दाराला इतिहासात मान मिळाल्याचे एक उदाहरण मावळाबाहेरचे, पण महाराष्ट्रातलेच आहे. अजिंठ्याच्या विहारांत भिक्षूंसाठी लहान लहान खोल्या आहेत. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आपल्या आयुष्यातली अनेक दशके या लेण्यांत घालवली. भव्य चित्रांबरोबरच ते या खोल्यांच्या दारांपाशीही बसून राहिले. दार कशावर फिरत होते, खुंटीचे भोक कोठे पाडले होते, फळी मागे बसावी म्हणून खडकाला खाच दिली होती की नव्हती, हे त्यांनी खोलीगणिक तपासले. सुरुवातीच्या खोल्यांत ही सोय नाही. पुढे पुढे ती सुधारत गेली. या फरकावरून त्यांनी दारांचे चार प्रकार लावले आणि कोणते काम आधीचे व कोणते नंतरचे हे ठरवण्यास त्यांचा आधार घेतला. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी विद्वान सहमत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण आतल्या दाराच्या खुंटीवरून लेण्याचा काळ ओळखता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आता गावातल्या घराकडे वळावे. मावळातील गरिबाचे घर फार जुन्या काळापासून कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, त्या आडव्या काठ्यांनी बांधून, वर शेणमातीचा गिलावा दिला की भिंत झाली. अशा घराला दार म्हणजे दोन मेढी आणि वर एक आडवे लाकूड. कुडाच्या भिंतीला स्वतःचेच वजन नसते, तेव्हा चौकटीवर भार येण्याचा प्रश्नच नव्हता. मुहूर्तमेढ हा शब्द आज साखर कारखान्यापासून लग्नमंडपापर्यंत कोठेही वापरला जातो. त्याचे मूळ मात्र जमिनीत पहिली मेढ रोवण्यात आहे.

ज्यांची थोडी ऐपत झाली त्यांनी दगडमातीच्या भिंती घातल्या. दीड-दोन फूट रुंदीची ही भिंत म्हणजे दोन बाजूंना दगड आणि मध्ये माती व खडी. अशा भिंतीत दार ठेवायचे तर वरचे ओझे कोणी तरी झेलले पाहिजे, आणि येथेच खऱ्या अर्थाने चौकटीचा जन्म झाला. खाली उंबरठा, दोन बाजूंना दोन बाह्या, वर कपाळपट्टी. दर्शनी दाराला कपाळपट्टीवर गणपती कोरलेला असला तर ती गणेशपट्टी. उंबरठ्याचे नाते उंबराशी जोडले जाते, आणि देवळांच्या शिल्पशास्त्रातही दाराच्या खालच्या शिळेला उदुंबर हेच नाव आहे. बिजागऱ्या बाजारात मिळू लागण्यापूर्वी फळीच्याच लाकडातून वरखाली खुंट्या काढीत. खालची उंबरठ्याच्या खोबणीत फिरे, वरची कपाळपट्टीमागच्या लाकडात. रात्री आगळ सारताना होणारा तो कर्र आवाज जुन्या माणसांच्या कानात अजून असेल.

आतली दारे बुटकी असत. माजघरात शिरताना पुरुषमाणसाला वाकावे लागे. घरात शिरणाऱ्याने नम्र व्हावे म्हणून, असे त्याचे कारण सांगण्याची पद्धत आहे. पण आखूड लाकूड स्वस्त पडे आणि भिंतीत भोक जितके लहान तितकी भिंत निर्धोक राही, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे. या बुटक्या चौकटीने घराचे दोन भाग केले होते. ओटीवर पुरुष आणि पाहुणे; चौकटीच्या आत बायका. आलेल्याशी बोलायचे ते चौकटीआडून, फार तर एक हात बाहीवर ठेवून. जुन्या चौकटींच्या बाह्या कमरेच्या वर एका ठिकाणी गुळगुळीत, काळपट आणि किंचित खोलगट झालेल्या दिसतात. तेथे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे हात टेकलेले आहेत.

या चौकटींना लाकूड कोठून आले, हा या इतिहासातला सगळ्यात वादाचा भाग. सह्याद्रीत ऐन, किंजळ, नाणा, हेद, जांभूळ, फणस ही झाडे, उताराला साग. चौकटीला पहिली पसंती सागाला, कारण तो पिळवटत नाही आणि वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही. पण साग कोणाचा? सुमारे १७१५-१६ सालच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडाविषयी लिहिताना सागवानादी झाडे हुजूर परवानगीने तोडून न्यावीत असे सांगितले आहे, आणि आंबा-फणसांना मात्र हात लावू न देण्याची ताकीद दिली आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यामागचा विचार. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावे. झाडाचा धनी म्हणून रयतेला दिलेला हा मान पुढच्या राजवटीत राहिला नाही.

इंग्रजी अंमलात १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलांचे संरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६५ चा आणि त्याहून कडक असा १८७८ चा जंगल कायदा आला. जंगले राखीव झाली. ज्या डोंगरातून मावळच्या शेतकऱ्याचा बाप वासे आणत असे, तेथून वासा आणणे हा गुन्हा ठरला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, त्यांची झळ पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक डोंगरी गावाला लागलेली होती. घराची चौकट बदलणे हा तोवर रानाचा आणि सुताराचा विषय होता. तो आता रोख पैशाचा आणि वखारीचा झाला. ज्यांना वखार परवडत नव्हती त्यांनी आंब्याच्या, मिळेल त्या रायवळ लाकडाच्या चौकटी बसवल्या. आंब्याचे लाकूड कामाला सोपे, पण किडीला त्याहून सोपे. जुन्या घरात दर्शनी चौकट सागाची आणि आतल्या साऱ्या हलक्या लाकडाच्या आढळतात, त्याचे कारण कंजुषीइतकेच या कायद्यातही आहे.

याच सुमारास बोरघाट फुटला. गाडीरस्ता १८३० मध्येच झाला होता. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली आणि घाटातला अवघड टप्पा २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. मुंबईचे धनिक लोणावळा-खंडाळ्याला हवा पालटण्यासाठी बंगले बांधू लागले, आणि त्या बंगल्यांबरोबर उंच दारे, पितळी बिजागऱ्या व ब्रह्मदेशी साग घाट चढून आला. योगायोग असा की ज्या १८६३ साली घाटाची रेल्वे पुरी झाली, त्याच साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. ब्रह्मदेशातला साग तोडून आणणे हाच तिचा मुख्य धंदा. या कंपनीने सागाची मोजणी चुकवल्यावरून ब्रह्मदेशच्या दरबाराने तिला दंड ठोठावला. तेच निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली लढाई पुकारली, राज्य खालसा केले आणि थिबा राजाला आणून ठेवले ते रत्नागिरीस. तेथेच १९१६ साली तो वारला. ज्या लाकडापायी त्याचे राज्य बुडाले, त्या लाकडाच्या चौकटी मुंबई इलाख्यातल्या बंगल्यांतून बसत राहिल्या. बंगल्यांवर काम केलेले सुतार गावात परतले ते लोखंडी बिजागरी, गुण्याने काटकोन तपासण्याची शिस्त आणि चौकटीला रंग देण्याची रीत घेऊन.

स्वातंत्र्यानंतरही परवान्याचा प्रश्न संपला नाही. महाराष्ट्रात १९६४ साली झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा झाला. साग, हिरडा, आंबा, फणस अशी झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. आज्ञापत्रातले आंबा-फणस असे अडीचशे वर्षांनी पुन्हा कागदावर आले. मात्र त्या वेळी रयतेची समजूत काढायची होती, आता रयतेने अर्ज करायचा होता.

जुन्या चौकटी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, मग अलीकडेच त्या इतक्या भराभर का कुजू लागल्या, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. लाकूड पूर्वीसारखे राहिले नाही, असे त्याचे उत्तर दिले जाते. ते काही अंशी खरे आहे. कोवळा, न मुरलेला साग पांढऱ्या भागासकट विकला जातो. पण मुख्य कारण पायाखाली आहे. शेणाने सारवलेली जमीन ओल धरी तशी सोडीही. त्या जमिनीवर प्रथम शहाबादी फरशी आली, तिच्यावर मोझेक, मोझेकवर अलीकडच्या चकचकीत लाद्या. प्रत्येक थराबरोबर जमीन दोन-दोन इंच वर आली, दार खालून तेवढे कापले गेले आणि बाह्यांची टोके सिमेंटात गाडली गेली. जमिनीतली ओल वर येण्याचे थांबत नाही. लाद्यांतून वाट न मिळाल्यामुळे ती भिंतीत आणि बाहीत चढते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला असेल तर तिची उरलीसुरली वाटही बंद होते. बाहीचे खालचे वीतभर लाकूड स्पंजासारखे होते आणि तेथूनच वाळवी शिरते. जुन्या जाणत्यांनी बाही कधी मातीवर उभी केली नाही. ते ती दगडाच्या घडीव उथळ्यावर बसवीत, किंवा उंबरठाच दगडी करीत, आणि भिंतीत जाणाऱ्या बाजूला बिब्ब्याचे तेल किंवा डांबर चोपडीत. घराची सजावट करताना हा उथळाच लादीखाली गेला.

म्हणून चौकट बदलण्याआधी ती खरोखर बदलायला हवी का, हे पाहणारा सुतार हाच खरा कारागीर. दाभणाने खालून वर टोचत जायचे; जेथे दाभण अडते तेथून वरचे लाकूड चांगले. बहुधा ते गुडघ्याच्या खालीच अडते. मग खालचे कुजके टोक तिरपे कापून, तसाच तिरपा नवा तुकडा खुंट्या मारून सांधला, त्याच्याखाली दगड दिला, की चौकट पुढे कित्येक वर्षे चालते. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात मजुरी असली तरी मान नाही. नवी चौकट आणून बसवणे सोपे वाटते आणि घरच्यांनाही नवे काही केल्यासारखे होते.

पण ते सोपे नाही. विटेच्या पक्क्या घरात दारावर लिंटल असते, चौकट काढली तरी भिंत जागची हलत नाही. जुन्या दगडमातीच्या घरात कपाळपट्टी आणि तिच्या मागच्या आडव्या फळ्या हेच लिंटल. कपाळपट्टीची दोन्ही टोके वीतवीतभर भिंतीत गेलेली असतात. घाईने बाह्या काढल्या की पट्टी वाकते, वरचा मातीत बसवलेला दगड सरकतो आणि पाहता पाहता माळ्यापर्यंतचा भाग खाली येतो. त्यासाठी दाराच्या वर भिंतीतून आरपार ओंडके घालून त्यांना दोन्ही बाजूंनी टेकू द्यावे लागतात, टेकू पाचरींनी ताणून घ्यावे लागतात आणि मगच जुनी बाही मधोमध कापून काढायची. नवी चौकट उभी करताना ओळंबा दोन दिशांनी धरायचा; सुतळीने कोनाकोनीचे माप घ्यायचे, दोन्ही मापे सारखी आली तरच चौकट काटकोनात. जुन्या भिंती स्वतःच ओळंब्यात नसतात, तेव्हा चौकट भिंतीप्रमाणे बसवायची की ओळंब्याप्रमाणे, यावर सुतार आणि गवंडी यांची तासन्‌तास हुज्जत चालते. दार आपोआप उघडणारे नको असेल तर सुताराचे ऐकावे.

लाकडाचा आणि भिंतीचा संबंध काय असतो, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात फार मोठी किंमत देऊन पाहिले. तेथे जड मातीची धाबी खणांच्या लाकडी सांगाड्यावर होती आणि भोवती दगडमातीच्या रुंद भिंती. अनेक घरांत भिंती ढासळल्या, माणसे दगडांखाली गेली, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. पुनर्वसनाच्या नव्या गावांत गेलेल्या लोकांनी ढिगाऱ्यातून काढलेले कोरीव दरवाजे चौकटीसकट जपून नेले आणि नव्या घरांना नंतर जोडलेल्या खोल्यांना बसवले. काँक्रीटच्या घरांना त्या दारांची मापे जुळत नव्हती, तरीही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी घर सुटलेली दारे व कोरीव लाकूडकाम पाहावयास मिळते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तेथे आणून पुन्हा उभे केले आहेत. दिनकर केळकरांनी वेळीच हात घातला नसता तर त्यातले बरेचसे बंबात गेले असते. अर्थात संग्रहालयात जागा मिळते ती वाड्यांच्या नक्षीला. मावळातल्या शेतकऱ्याच्या माजघराची साधी चौकट कोणी संग्रहात ठेवलेली नाही. तिच्यावर नक्षी नसते. पेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशोब असतो, मुलांच्या उंचीच्या खुणा असतात, कॅलेंडरच्या खिळ्याची भोके असतात, आणि पाटपाण्याच्या दिवशी लावलेली हळदकुंकवाची बोटे एकावर एक बसून झालेला तांबूस थर असतो.

तुंगार्लीच्या आसपास आता बंगले, हॉटेले आणि सदनिका झाल्या आहेत. द्रुतगती मार्गाने मुंबई जवळ आली. नव्या बांधकामात आतल्या खोल्यांना उंबरठा नसतो. चौकट तीनच बाजूंची, कधी लोखंडी, कधी सिमेंटची, न्हाणीघराला कडाप्पा किंवा ग्रॅनाइटची. पाण्याच्या जागी दगडी चौकट हा शहाणपणाचाच बदल होय. वृद्ध माणसाला उंबरठ्याची ठेच लागत नाही, हाही फायदा. घरे पडतात तेव्हा निघणाऱ्या सागवानी बाह्या मात्र वाया जात नाहीत. त्या जुन्या लाकडाच्या वखारीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या दिसतात; त्यांवरचा रंग, खिळे, पेन्सिलीचे आकडे तसेच. बंगलेवाल्यांना त्यांचे आकर्षण, कारण असा मुरलेला साग नव्याने मिळत नाही. गिऱ्हाईक आले की तो पृष्ठभागावरची नक्षी पाहतो. त्याच्याबरोबर आलेला सुतार नक्षी पाहत नाही. तो बाही आडवी पाडतो, तिचे खालचे टोक आपल्याकडे वळवतो आणि खिशातला दाभण काढतो.